मोफत आहे, पण गुरुवारचं काय?

गेल्या महिन्यात आमच्या मुलाचे रात्रीचे बूट सुटले. कायमचे. तीन-तीन पट्ट्यांचे दोन छोटे बूट आणि त्यांना खांद्यांच्या रुंदीइतकं लांब धरून ठेवणारी मधली दांडी, असा तो ऐवज. फिजिओबाईंनी त्याचा पाय वर-खाली फिरवून पाहिला, त्याला टाचांवर चालायला लावलं, उकिडवं बसायला लावलं आणि म्हणाल्या, आता नको. मला वाटलं होतं, त्या रात्री आमच्याकडे दिवाळी होणार. झालं भलतंच. साडेआठ वाजले तरी हा बिछान्यात उठून बसलेला. "मम्मा, माझे शूज?" चार वर्षं आणि वर काही महिने जे पायांत घालून झोपायचं, ते नाही म्हटल्यावर त्याला झोपच येईना. शेवटी बूट उशाशी ठेवले तेव्हा कुठे डोळा लागला.

त्याचा उजवा पाय जन्मतःच आत वळलेला होता. टाच वर ओढलेली, तळवा दुसऱ्या पायाकडे पाहणारा. डॉक्टर याला क्लबफूट म्हणतात. आपल्याकडे घरोघर 'वाकडा पाय' म्हणतात, आणि पुढे शाळेत काय म्हणतात ते सांगायला नको. ब्रिटनमध्ये हजार बाळांमागे साधारण एकाला हे असतं. मुलांमध्ये मुलींच्या दुप्पट, आणि जवळजवळ निम्म्या बाळांचे दोन्ही पाय असे असतात. बहुतेक वेळा कारण सापडत नाही. हे शेवटचं वाक्य मी मुद्दाम लिहिते आहे, कारण आपल्याकडे कारण हमखास सापडतं, आणि ते बहुधा आईच्या नावावर जमा होतं.

आमच्या घरी सापडलेलं कारण होतं ग्रहण. २०२० साल आठवत असेल. जूनच्या सुरुवातीला माझं वीस आठवड्यांचं स्कॅन झालं. कोरोनामुळे नवऱ्याला आत सोडलं नव्हतं, तो गाडीत बसून होता. स्कॅन करणारी बाई बराच वेळ एकाच जागी यंत्र फिरवत राहिली आणि मग शांतपणे म्हणाली, एक पाय आत वळलेला दिसतो आहे, पण यावर उपचार आहेत, चांगले आहेत. मी 'थँक यू' म्हणून बाहेर आले आणि पार्किंगमध्ये रडले. घरी, म्हणजे सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी, काही सांगायचं नाही असं दोघांनी ठरवलं. त्यानंतर दोन-अडीच आठवड्यांनी, २१ जूनला, सूर्यग्रहण होतं. आदल्या रात्री सासूबाईंचा फोन. उद्या काही चिरू नकोस, सुई-कात्री हातात धरू नकोस, बाहेर बघू नकोस. ग्रहण भारतातून दिसणार होतं, लंडनमधून नाही. तिकडे सकाळी दहाला ते लागलं तेव्हा इथे पहाटेचे साडेपाच वाजले होते आणि मी गाढ झोपेत होते. पण पुढे गोष्ट उघडकीला आली तेव्हा पहिला प्रश्न तोच: "त्या दिवशी काही चिरलं होतंस का गं?" माझ्याकडे ग्रहणाच्या आधीची तारीख असलेला स्कॅनचा कागद होता. तो मी व्हॉट्सॲपवर पाठवला. वादात जिंकले, म्हणजे तेवढ्यापुरती.

ऑक्टोबरात बाळ झालं. जन्मल्यापासून ७२ तासांच्या आत इथे प्रत्येक बाळाची डोक्यापासून पायापर्यंत तपासणी होते. त्यात पाय पाहिला गेला, नोंद झाली आणि दुसऱ्या आठवड्यात पहिलं प्लास्टर पडलं. पद्धत पोन्सेटी यांची. हे डॉक्टर मूळचे स्पेनमधल्या मेनोर्का बेटावरचे. तिथल्या यादवी युद्धात जखमींवर उपचार केले, देश सोडावा लागला, मेक्सिकोमार्गे १९४१ मध्ये अमेरिकेतल्या आयोवात पोचले. तिथे त्यांना दिसलं की लहानपणी मोठमोठ्या शस्त्रक्रिया झालेले पाय मोठेपणी ताठर होतात, दुखतात. म्हणून त्यांनी शस्त्रक्रिया जवळजवळ टाळणारी रीत बसवली. दर आठवड्याला पाऊल हाताने अलगद थोडं बाहेर वळवायचं आणि तिथेच मांडीपर्यंतच्या प्लास्टरमध्ये धरून ठेवायचं. पाच ते आठ आठवड्यांत पाऊल सरळ रेषेत येतं. शेवटी बहुतेक बाळांची टाचेमागची ताणलेली दोरी, अकिलीज टेंडन, तेवढी जागा बधिर करून बारीकशी छेदतात. ती लांब होऊन पुन्हा जुळेपर्यंत सुमारे तीन आठवड्यांचं शेवटचं प्लास्टर. पुढे बूट. पहिले तीन महिने दिवसाचे २३ तास, मग रात्री आणि दुपारच्या झोपेत, चार-पाच वर्षांचं होईपर्यंत.

पोन्सेटींनी हे १९६३ साली छापून सांगितलं, पण बराच काळ कुणी फारसं मनावर घेतलं नाही. नव्वदीच्या अखेरीस मुलांच्या आई-वडिलांनीच इंटरनेटवर एकमेकांना सांगायला सुरुवात केली आणि मग जगभरचे डॉक्टर तिकडे वळले. २००९ मध्ये, पंचाण्णवाव्या वर्षी, ते गेले. त्यांचा जन्मदिवस ३ जून हा आता जागतिक क्लबफूट दिन म्हणून पाळतात. माझं ते स्कॅन झालं तेही त्याच आठवड्यात. पण हे सगळं मी फार नंतर वाचलं. तेव्हा मला एवढंच दिसत होतं की दर गुरुवारी सकाळी जुनं प्लास्टर निघतं, दहा मिनिटं माझ्या बाळाचा पाय मोकळा असतो, आणि तेवढ्यात मी तो धुऊन घेते, कारण पुढचे सात दिवस तो दिसणार नाही.

बाळंतपणाला कुणीच येऊ शकलं नव्हतं. आईने डिंकाचे लाडू कुरिअर केले, ते तीन आठवड्यांनी चुरा होऊन आले. रोज व्हिडिओ कॉल. आणि रोजचा प्रश्न: मालीश करतेस ना? न्हाऊ घालतेस ना? शेक देतेस ना? मांडीपर्यंत प्लास्टर असलेल्या बाळाला न्हाऊ घालत नाहीत, ओल्या फडक्याने पुसून घेतात. मी "हो हो" म्हणायचे. कॅमेरा कायम कमरेच्या वर. बारसं झालं ते ऑनलाइन, बाळाच्या पायांवर माझ्या आजीच्या साडीची दुपटी. सगळ्यांना वाटलं, काय हौस आहे पोरीला! साडेचार हजार मैलांवरून एक पाय लपवणं अगदी सोपं असतं. आज मला त्या लपवण्याची लाज वाटते, पायाची कधीच वाटली नाही. आपलीच माणसं बोलतील या भीतीने मी त्यांना कळूच दिलं नाही, आणि जे त्यांना माहीत नव्हतं त्याची किंमत पुढे मुलालाच मोजावी लागली. ते येतेच सांगायला.

आधी पैशांचं बोलू, कारण या सदराचे वाचक ते विचारणारच. सगळ्या उपचाराला आम्ही हॉस्पिटलात एक पेनी दिली नाही. प्लास्टर, छेद, बूट, लहान झालेल्या बुटांऐवजी नवे बूट, फिजिओ, सगळं एनएचएसकडून. पण आमच्यासारख्या व्हिसावरच्या माणसांसाठी ते अगदी फुकट नसतं हेही खरं. व्हिसा घेतानाच आरोग्य सरचार्ज भरून घेतात. आम्ही २०१९ मध्ये आलो तेव्हा तो मोठ्या माणसाला वर्षाला ४०० पौंड होता, २०२४ च्या फेब्रुवारीपासून १,०३५ पौंड झाला आहे आणि मुलांसाठी ७७६. एवढे पैसे आधी भरूनही आपले लोक हॉस्पिटलात चोरासारखे बसतात. माझ्या ओळखीच्या एका जोडप्याला वाटत होतं, मुलावर जास्त उपचार घेतले तर 'पब्लिक फंड'चा फायदा घेतला असं धरून व्हिसा अडेल. तसं नाही. एनएचएसचे उपचार त्या यादीत येत नाहीत. अपंगत्वाचा सरकारी भत्ता येतो, तो वेगळा विषय. पण प्लास्टर आणि बूट घ्यायला घाबरू नका.

इथल्या मोफतपणाची मुळं एनएचएसच्याही आधीची आहेत. आम्ही हॅरोत राहतो. जवळच स्टॅनमोरला रॉयल नॅशनल ऑर्थोपेडिक हॉस्पिटल आहे, ते या जागी १९२२ पासून. पण त्याचं मूळ पार १८३८ च्या सुमाराला ब्लूम्सबरीत निघालेल्या एका लहानशा दवाखान्यात सापडतं. काढणारे डॉक्टर विल्यम जॉन लिटल. खानावळवाल्याचा मुलगा, लहानपणच्या आजारात त्याचा स्वतःचाच डावा पाय वाकडा झालेला. लंडनमध्ये कुणी सरळ करेना, तेव्हा तो जर्मनीत हॅनोव्हरला स्ट्रोमायर नावाच्या सर्जनकडे गेला. १८३६ मध्ये त्यांनी त्याची टाचेमागची दोरी कातडीखालून छेदली, आणि पाय टेकला. लिटल ती विद्या शिकून परत आला, १८३७ मध्ये लंडनमध्ये त्याने पहिला रुग्ण केला आणि मग गरिबांचे वाकडे पाय सरळ करायला देणग्या गोळा करून दवाखाना काढला. मला या गोष्टीतली शस्त्रक्रिया तितकीशी लक्षात राहत नाही. हा माणूस बरा होऊन आल्यावर जे मिळालं ते पुढच्याला कसं मिळेल हे बघत बसला, ते राहतं.

आज ते काम करणारी स्टेप्स नावाची संस्था इथे आहे. १९८० पासून पायांच्या जन्मजात दोषांच्या मुलांच्या पालकांना ती मदत करते. फोनवर बोलते, माहिती पाठवते, आणि मुख्य म्हणजे नवीन आई-बापांची त्याच वाटेने आधी गेलेल्या आई-बापांशी गाठ घालून देते. बूट घालायच्या पहिल्या आठवड्यात बाळ रात्रभर रडत होतं आणि आम्ही दोघं भांडत होतो, तेव्हा मला डॉक्टर नको होता. "आमचाही तीन रात्री असाच रडला, चौथ्या रात्री झोपला" असं सांगणारं कुणीतरी हवं होतं. ते मिळालं. आमचाही चौथ्या नाही, पण सहाव्या रात्री झोपला.

आता ती किंमत. डिसेंबर २०२२ मध्ये आम्ही पहिल्यांदा गावी गेलो. मुलगा सव्वादोन वर्षांचा, टणाटण उड्या मारणारा. पाय बघून कुणाला काही कळलंही नसतं. पण रात्री बूट घालायला लागणारच, म्हणून तेव्हा सगळं सांगितलं. सासूबाई गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "पाय तर सरळ आहे की. मग लेकराला बेड्या कशाला?" मी माझ्या परीने समजावलं. पाय एकच वाकडा होता तरी बूट दोन्हींत का, दांडी का, वाकडा होता तो पाय साठ-सत्तर अंशांनी बाहेर का ठेवायचा. खरं सांगायचं तर मीही घाईत होते. लग्नं होती, देवदर्शन होतं. सासूबाईंनी मान हलवली. मुलगा आजीजवळ गोधडीत झोपायला लागला आणि आम्ही कितीतरी महिन्यांनी सलग आठ तास झोपलो.

पाच आठवडे राहिलो. मार्चमध्ये इथे तपासणी होती. फिजिओबाईंनी पाय हातात घेतला आणि त्यांचा चेहरा बदलला. टाच पुन्हा वर ओढली जायला लागली होती. "बूट रोज घालता ना?" मी ठामपणे हो म्हटलं. त्या काही बोलल्या नाहीत. पुन्हा चार प्लास्टर. आता बाळ नव्हे, धावणारा मुलगा. प्लास्टर ओढत घरभर फिरायचा, पायऱ्यांवर बसून रडायचा. मी फोनवर हे सांगितलं, आणि पलीकडून बराच वेळ आवाज नाही. मग सासूबाई म्हणाल्या, "मीच काढत होते गं. तुम्ही झोपलात की काढायचे आणि पहाटे तुम्ही उठायच्या आत घालायचे. रडायचा ना तो." मी फोन ठेवला. चार दिवस बोलले नाही.

पोन्सेटी पद्धतीच्या माहितीपुस्तिकेत एक आकडा आहे. ज्यांनी बूट नीट वापरले त्यांच्यात शंभरात सहाच्या आसपास पाय पुन्हा वळले; ज्यांनी वापरले नाहीत त्यांच्यात ऐंशीहून अधिक. पाच आठवड्यांनीच घात केला की पाय तसाही हट्टी होता, हे मला कुणी खात्रीने सांगू शकणार नाही. पण आकडा मी सासूबाईंना सांगितला नव्हता हे खरं. त्यांना फक्त 'डॉक्टरांनी सांगितलंय' एवढं सांगितलं होतं. प्लास्टरमध्ये त्यांचा पाय मी दोन वर्षं दिसूच दिला नाही, आणि अपेक्षा अशी की त्यांनी माझ्याइतकंच घाबरावं.

आता दुसऱ्या पायाबद्दल. गावच्या त्याच मुक्कामात आमच्या शेतावर कामाला येणाऱ्या एका बाईची मुलगी पाहिली होती. तीन वर्षांची. डाव्या पावलाच्या बाहेरच्या कडेवर चालायची, तिथे जाड घट्टा पडलेला. पाहताक्षणी कळलं. आईला विचारलं तर तीच गोष्ट: ग्रहणात ती उसाच्या शेतात कोयता धरून होती. दवाखान्यात नेलं होतं का? नेलं होतं की, म्हणाली. गावच्या आशाताईंनीच पाठवलं होतं. तीन प्लास्टर झाली. पैसे काही घेतले नाहीत. मग सुगी आली.

तिने जे सांगितलं ते मी नंतर कागदावर मांडून पाहिलं. सकाळी सातची एसटी, तालुक्याला बदलायची, अकरापर्यंत रुग्णालय, परत घरी पाच. दिवसाची तीनशे रुपये मजुरी बुडाली. तेव्हा बायकांना एसटीचं अर्धं तिकीट अजून लागू व्हायचं होतं, ते मार्च २०२३ मध्ये झालं. मुकादम दर आठवड्याला एक दिवस सोडेना. सासू म्हणाली, पोरीला किती रडवताय. म्हणून चौथ्या गुरुवारी ती गेली नाही, आणि प्लास्टर भिजून आपोआप गळून पडलं. सहा गुरुवारांची मजुरी अठराशे रुपये. त्या वेळच्या भावाने अठरा पौंड. हॅरोत दोघं बाहेर डोसा खाऊन आलो की तेवढे जातात.

उपचार तिथेही मोफतच होता हे लक्षात घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, आरबीएसके, सुरूच झाला तो आपल्या महाराष्ट्रात, पालघरला, फेब्रुवारी २०१३ मध्ये. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांमधले तीस आजार आणि दोष त्यात तपासतात, आणि जन्मजात दोषांच्या यादीत वाकडा पाय आहे. पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतात. घरी जन्मलेल्या किंवा घरी आलेल्या बाळाला आशाताई पाहतात. पुढचे उपचार सरकारी खर्चाने. शिवाय क्युअर इंडियासारखी संस्था २००९ पासून अनेक राज्यांत सरकारी रुग्णालयांच्या बरोबरीने आठवड्याचे क्लिनिक चालवते आणि बूट मोफत देते. तिकडचे बूट वेगळे, स्टीनबीक पद्धतीचे, मूळ युगांडात बनवलेले. साधं चामडं आणि लोखंडी दांडी, कुठल्याही चांगल्या कारागिराला जमतील असे. काम तेच करतात. त्या क्लिनिकमध्ये पालकांशी बोलायला एक माणूस ठेवलेला असतो, आणि मला वाटतं सगळ्यात जास्त मोलाचा पगार त्याचाच. देशात वर्षाला दोन कोटींहून जास्त बाळं जन्मतात. हजारी एक धरलं तरी वीस हजारांहून अधिक वाकडे पाय दरसाल, आणि प्रत्येकाला सहा-सात गुरुवार आणि वर चार वर्षांच्या रात्री.

आपण परदेशातली माणसं गावाला पैसे पाठवतो तेव्हा ते दिसणाऱ्या गोष्टींसाठी पाठवतो. मंदिराची कमान, शाळेला संगणक, मंडळाचा मंडप. मीही पाठवले आहेत, त्यावर नावही कोरून घेतलं आहे. एखाद्या बाईच्या गुरुवारची मजुरी ही कुठल्या पाटीवर कोरण्यासारखी गोष्ट नाही. सरकारला दोष द्यायची सोय आहे, आणि द्यावाही. रुग्ण आणि सोबतच्याचं भाडं, बुडालेली मजुरी यांचा विचार योजनेत नसेल तर योजना अर्धीच. तीन आठवड्यांनी न आलेल्या मुलीच्या घरी कुणी फोन करत नसेल तर तेही अर्धंच. इथे आम्ही एकदा अपॉइंटमेंट चुकवली तर दुसऱ्या दिवशी फोन वाजला होता. पण गावात कुणाच्या मुलीचा पाय कसा आहे हे ज्यांना दिसतं ती माणसं आपलीच आहेत. आपल्या आया, सासवा, चुलत्या, भावजया.

मार्चमध्ये मुलाला पुन्हा प्लास्टर लागल्यावर मी गावी पैसे पाठवले. सहा गुरुवारांची मजुरी आणि भाडं, आगाऊ. मला वाटलं, झालं काम. ती दोन गुरुवार गेली आणि तिसऱ्याला पुन्हा घरी. या वेळी अडचण पैशांची नव्हती. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना पोरीचं रडणं ऐकवेना. हे मला कळलं ते सासूबाईंकडून, आमच्या चार दिवसांच्या अबोल्यानंतरच्या पहिल्या फोनवर. मी काय करणार होते हॅरोतून? त्या म्हणाल्या, "तू काही बोलू नकोस. मी जाते."

त्या गेल्या. त्या घरी जाऊन पोरीच्या आजीसमोर बसल्या आणि आपल्या नातवाचं सगळं सांगितलं. आपण रात्री बूट कसे काढत होतो, आणि मग काय झालं. मी पाठवलेला प्लास्टरमधल्या नातवाचा फोटो दाखवला. हे त्यांनी मला सांगितलं नाही, त्या बाईने सांगितलं. नवऱ्याचा विश्वास बसेना. त्याच्या आईने आयुष्यात कधी कुणासमोर चूक कबूल केलेली त्याला आठवत नव्हती. पुढचे गुरुवार सासूबाई स्वतः बरोबर गेल्या. गुडघे दुखतात म्हणून देवळात खाली न बसणारी बाई सातच्या एसटीने. मुलगी मोठी असल्यामुळे प्लास्टर जास्त लागली, एकूण नऊ. मग छेद, मग बूट. बुटांच्या पहिल्या दोन रात्री सासूबाई फोन लावून विचारत होत्या, काढले तर नाहीत ना? मलाही असं कुणी विचारलेलं आवडलं नसतं, त्या बाईला आवडलं की नाही देव जाणे.

मुलगी आता साडेपाचची आहे आणि शाळेत जाते. तळवा पूर्ण टेकतो. डावा पाय उजव्यापेक्षा किंचित लहान आहे आणि पोटरी बारीक आहे. आमच्या मुलाचंही तसंच आहे, ते तसंच राहतं. दोघांना बुटांचे दोन वेगळे नंबर लागतात, म्हणजे एका जोडाला दोन जोड घ्या. त्याची सोय कुठल्याच योजनेत नाही.

परवा मुलाचे बूट सुटल्याचं सांगायला गावी फोन केला. सासूबाईंनी ऐकून घेतलं, बरं झालं म्हणाल्या, आणि लगेच विचारलं, "ते जुने बूट टाकले नाहीस ना?" म्हटलं, नाही, उशाशी आहेत. "मग पुढच्या खेपेला घेऊन ये. इथे वरच्या आळीत एकाला झालंय बाळ." मी म्हटलं, आई, बूट मापाचे लागतात, दुसऱ्याचे चालत नाहीत, आणि तिकडे नवे फुकट मिळतात. "अगं घालायला नकोत," त्या म्हणाल्या. "दाखवायला हवेत. तिची सासू ऐकत नाहीये." आणि फोन ठेवायची घाई केली, कारण दुसऱ्या दिवशी गुरुवार होता.